आडनावाला हाक

पुष्पाच्या त्या पत्राला मी उत्तर दिले नव्हते, हे तिच्या बाळाच्या बारशाच्या सकाळी मला पुन्हा आठवले. आठवले म्हणणेही खोटेच. विसरलो कधी होतो?

पत्र शहागडहून, तिच्या सासरहून, दिवाळीच्या आसपास आले होते. तिला तेव्हा सातवा महिना लागला होता. निळ्या आंतरदेशीय पत्रावर तिने बारीक अक्षरात लिहिले होते:

‘बापू, बाळाचं नाव निर्मळ ठेवावं असं माझ्या मनात आहे. हसू नका. जालन्याला शिकत असताना वर्गात पुष्पा पुष्कळ होत्या, म्हणून बाई मला आडनावानेच हाक मारायच्या. मग मैत्रिणीही मारायला लागल्या. मस्तगडच्या मामाकडे राहत होते, तिथे खालचा दुकानदारसुद्धा “निर्मळ, तुझं पत्र आलंय” म्हणून ओरडायचा. लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने उषा लिहिलं. आडनाव तर जाणारच होतं. त्याची तक्रार नाही. पण आता मला कोणी हाक मारली तर ती मलाच मारली, हे ध्यानात यायला वेळ लागतो. ती जुनी हाक मला कोणी मारणार नसेल तर निदान मी ती मारत जाईन. तुम्हाला चालेल का, एवढंच लिहा. तुम्ही हो म्हणालात तरच मी इथे तोंड उघडीन.’

एवढेच तिचे मागणे होते. ‘हो’ लिहायला शाई ती किती लागणार? पण पडूळांच्या घरची रीत मला माहीत होती. सुनेचे पत्र म्हणजे घराचे पत्र. संध्याकाळी दिवे लागायच्या आत शिवाजीराव, आमचे जावई, अंगणात बसून आलेले प्रत्येक पत्र मोठ्याने वाचत, कारण त्यांच्या मातोश्रींना, चतुराबाईंना, वाचता येत नव्हते आणि ऐकल्यावाचून राहवत नव्हते. माझे ‘हो’ त्या अंगणात वाचले जाणार. कोणीतरी म्हणणार, म्हातारा आपले आडनाव आमच्या वंशाला चिकटवतो आहे. मला मुलगा नाही, ही एकच मुलगी. तेव्हा कोणी तसे म्हटले तर ते अगदीच खोटे असेल का, हेही मला ठरवता येईना. मी ते पत्र वाचनालयातून आणलेल्या एका प्रवासवर्णनात ठेवले आणि पुस्तकाची मुदत वाढवून घेतली.

मग पुष्पा बाळंतपणाला टेंभुर्णीला आली. तिने पत्राचे विचारले नाही, मी सांगितले नाही. दोघे एकाच घरात, आणि मध्ये ते पत्र, झोपलेल्या माणसासारखे. आम्ही त्याच्या बाजूने हळू पावले टाकत होतो.

मुलगा झाला. तेल लावून त्याला उन्हात निजवत, तेव्हा मी लांबून बघत असे. मनातल्या मनात मी त्याला हाक मारून पाहिली होती. निर्मळ. हाक मारली की मला दिसे: ज्वारी दाण्यात आली आहे, उभ्या पिकातून एक मूल येते आहे. मूल दिसत नाही, फक्त कणसे बाजूला होतात आणि पुन्हा मिटतात. मी बांधावर थांबलो आहे. ते कुठून बाहेर येणार हे मला माहीत नाही, आणि मला त्याची घाईही नाही.

* * *

पडूळ मंडळी जीपने आली. उतरताच चतुराबाईंनी पदर झटकला, धूळ उडाली, आणि त्या आमच्या हिला म्हणाल्या, “विहीणबाई, तुमचं गाव देवानं लपून ठिवलं का वो? रस्ता सरतच न्हाई.”

“लपून ठिवलं म्हणूनच असली सून गावली तुम्हाला,” ही म्हणाली. सगळ्या हसल्या.

व्याही तातेराव यांचे शहागडच्या हायवेवर टायरपंक्चरचे दुकान होते. नदीकाठी थोडी शेतीही होती. त्यांच्या बोटांच्या पेरांत बसलेले काळे कधीच निघत नसे. मला ते हात आवडत. शिवाजीरावांची थोरली बहीण नंदाबाई अंबडहून आधी शहागडला जाऊन त्यांच्याबरोबर आली होती. तिच्या पिशवीत अंगडे, टोपडे, कुंची आणि पाळण्याला बांधायचे रंगीत चिमण्यांचे झुंबर होते. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नंदाबाईने नाव ठरवूनच आणले होते. संदीप. तिच्या गल्लीत तीन संदीप होते आणि तिघेही गुटगुटीत होते, हे तिने जीपमधून उतरतानाच जाहीर केले.

पुढचे मी पाहिलेले नाही. आतल्या खोलीत पुरुषांनी जायचे नसते. नंदाबाईने मला ते पुष्कळ वर्षांनी सांगितले. त्यात माझीही थोडी भर पडली असेल. सांगणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या मध्ये कुठेतरी गोष्ट थोडी बदलतेच.

खोलीत शेगडीचा ओव्याचा धूर होता. बाळ नंदाबाईच्या मांडीवर होते.

“ताई,” पुष्पा म्हणाली, “नाव बदलता येईल का?”

“का गं? संदीप वाईट हाय का?”

“वाईट नाही. मला निर्मळ ठेवायचं होतं.”

नंदाबाईला आधी काही उमजले नाही. “निर्मळ म्हंजे... तुमचंच?”

“आमचंच.”

“आगं बाई. आडनावाचं कुठं नाव असतंय का?”

“ताई, लग्नाआधी तुम्हाला कोणी पडूळ म्हणून हाक मारली होती?”

“मी शाळंत चौथीपोतर गेल्ते. गुरुजी म्हणायचे, ए पडूळ, फळा पूस.” नंदाबाई हसली. “लई फळा पुसला बघ मी.”

“आणि आता?”

“आता काय, बब्याची आई. सासू म्हणती बब्याची आई, हे म्हणतेत बब्याची आई, भाजीवाला पण तेच. बब्या एवढा मोठा झाला, तरी मी आपली बब्याचीच आई.” ती बोलता बोलता थांबली. बाळाने तिचे बोट धरले होते. “कोणी ‘ए पडूळ’ म्हणलं, तर मी वळून बघंन का गं?”

पुष्पाने शेगडीत आणखी थोडा ओवा टाकला.

“बघंन,” नंदाबाई म्हणाली. “एकदम बघंन.”

ती उठली, बाळ पुष्पाच्या ओटीत दिले आणि बाहेर आली. तिच्या स्वभावात थांबणे नव्हतेच.

* * *

ओसरीवर आम्ही पुरुष बसलो होतो. मी, तातेराव, शिवाजीराव आणि माझा धाकटा भाऊ कचरू. शेती कचरूच्याच जिवावर होती. माझा वाटा तोच कसायचा, आणि माझ्यामागे तो त्याच्या मुलांकडे जाणार, असे न बोलता ठरलेले होते. बायका उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या, चतुराबाई मात्र उंबऱ्यावरच. त्यांना आतलेही ऐकायचे असे आणि बाहेरचेही.

“आई,” नंदाबाई म्हणाली, “नाव बदलायचं. निर्मळ ठिवायचं. उषाच्या मनात हाय.”



“आमचं नाव?” कचरू म्हणाला. “आमचं कशाला?”

“का? बरं न्हाई का तुमचं नाव?” तातेरावांनी विचारले.

“बरं हाय म्हणूनच इचारून राह्यलो. आज नाव नेलं, उद्या सातबाऱ्यावर येईल. निर्मळ शिवाजी पडूळ! तलाठी बी चक्रावंल, हा निर्मळांपैकी का पडूळांपैकी.”

“कचरूभाऊ,” तातेराव हसून म्हणाले, “लेकरू बारा दिसांचं हाय. जरा दूध तर पिऊ द्या, मंग तलाठ्याकडं जाईल.”

शिवाजीराव खाली बघत हसले. कचरू हसला नाही. माझे कान तापले. जे अंगणात वाचले जाईल म्हणून मी भीत होतो, ते माझ्याच ओसरीवर बोलले गेले होते.

“मला इचारा,” चतुराबाई म्हणाल्या. “कचरूभाऊंचं सोडा, त्यांचं शेत त्यांच्यापाशी. माझं येगळंच हाय. पोरगं हाय ते. उद्या मातीत लोळंल, पंक्चरच्या टपात हात घालंल, गुळाचं डबडं सांडंल. मी म्हणंन, मुडद्या, थांब तुझ्या... आन मंग? नाव घ्यावं लागंल ना? ‘मुडद्या निर्मळ्या’ म्हणलं की ती शिवी कुठं जाती? हितं टेंभुर्णीत येती. इवायाच्या अंगणात. अख्ख्या भावकीला लागती.”

आतल्या बायका खोखो हसायला लागल्या. चतुराबाई हसल्या नाहीत, तेव्हा त्या हळूहळू गप्प झाल्या.

“हसू नका. ह्यान्ला माहीत हाय.” त्यांनी नवऱ्याकडे हात केला.

तातेरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “माझ्या बापाचं नाव रखमाजी,” ते मला म्हणाले. “तो वारला, आन वरीसभरात आमचा थोरला झाला. पुण्याला कंपनीत असतो ना, तो. भावकीनं म्हणलं म्हातारा परत आला, नाव रखमाजीच ठिवा. ठिवलं. आता सासऱ्याचं नाव सून कसं घेणार? हिनं आपल्या पोटच्या पोराला एकदा बी नावानं हाक मारली न्हाई. ‘ओ पोरा’, ‘इकडं ये रं’, ‘आरं कुठं गेला तो’. शाळेतून मास्तर आले, इचारलं, बाई, मुलाचं नाव? तर ही शेजारणीला म्हणती, तू सांग.”

“एकदा हरवला व्हता,” चतुराबाई म्हणाल्या. “पैठणच्या जत्रंत. सगळ्या बाया आपल्या पोराला नाव घिऊन हाका मारत्यात. मी काय म्हणू? पोरा, आरं पोरा. तिथं काय एक पोर व्हतं का?” त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. “गावला. पोलिसापाशी बसला व्हता, शेंगा खात. पर ते माझ्या ध्यानात हाय. नातवाचं मला आसं न्हाई पायजे. मला त्याला पोटभर हाक मारायची हाय. रागवायचं बी हाय.”

मी आतापर्यंत समजत होतो की या बाई आमचे नाव नको म्हणून नाही म्हणत आहेत. माणसांविषयी माझे अंदाज नेहमी पुस्तकातल्या माणसांवरून बांधलेले असतात, म्हणून ते चुकतात.

तातेराव म्हणाले, “मला इचारलं तर नाव झकास हाय. हायवेवर कोणी कोणाचं पाळण्यातलं नाव इचारत न्हाई. ए शिंदे, गाडी मागं घे. ए पडूळ, हवा भर. हायवेवर आडनावच चालतंय.”

“तुम्ही गप ऱ्हावा,” चतुराबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. अशा सरळ त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. “इवाई, तुमचं नाव हाय. तुम्ही सांगा. चार माणसांत सांगा की बाई, या नावानं लाड कर, शिव्या दे, आमाला लागणार न्हाई. तुम्ही म्हणलं की बिलकुल ठिवू. माझी ना न्हाई.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. कचरूही. दाराच्या फटीतून पुष्पाच्या लुगड्याचे टोक दिसत होते. ती उठून दारापाशी आली होती.

मला एक शब्द बोलायचा होता.

“त्याचं असं आहे,” मी म्हणालो, “निर्मळ हे आपलं मूळ आडनाव नसावं. आपले एक पूर्वज पूर्णेच्या उतारावर, लोक नदी ओलांडायचे तिथे, बसत, असं माझे आजोबा सांगत. पुरात पाणी गढूळ यायचं. ते निवळीचं बी रांजणाच्या आतल्या अंगाला घासायचे. गाळ खाली बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाणी देत. निर्मळ पाणी देणारे, म्हणून निर्मळ. अर्थात यात तथ्य किती, हे सांगणं कठीण आहे. कदाचित आजोबांनी ते रचलं असेल. कदाचित मीच. पण शब्द पाहिला तर...”

मी बोलत होतो. मला तो रांजण दिसत होता. वर पाणी स्वच्छ होत होते, आणि तळाला गाळाची एक मऊ, तपकिरी झोप. मला वाटत होते, हेच माझे ‘हो’ आहे. ऐकणाऱ्याला ते कळेलच. ज्या नावाविषयी माणूस इतके प्रेमाने बोलतो ते द्यायला त्याची हरकत कशी असेल?

“बराबर हाय,” तातेराव अदबीने म्हणाले.

“हे त्याचं नेहमीचं हाय,” कचरू म्हणाला. “इचारलं पाणी, तर सांगतो नदी. चला, बाया खोळंबल्यात.”

चतुराबाई थोडा वेळ अजून माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्या उठल्या. “ठिवा संदीपच,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला जास्त वाईट वाटले.

दारातले लुगड्याचे टोक आत गेले होते.

* * *

पाळणा म्हटला गेला. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या, म्हणत बाळाला पाळण्याखालून आणि वरून या हातातून त्या हातात दिले. नंदाबाई पदर घेऊन वाकली. तिचे तोंड बाळाच्या कानाशी गेले, आणि बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्यांचा पाऊस पाडला. ती बराच वेळ उठलीच नाही. बायका बुक्के मारून दमल्या.

“काय गं, आख्खी पोथी सांगती का?” कोणीतरी म्हणाले.

तिने मान वर केली. “संदीप,” ती म्हणाली.

पुढे तिने मला सांगितले ते असे: “काका, संदीप म्हणायला वाकले, पर तोंडातून निघंना. मंग म्हणलं दुसरं सांगावं, तर त्याची परवानगी न्हाई. नुसती फुंकर मारली बघा त्याच्या कानात. तो हसला.”

घुगऱ्या वाटल्या. जेवणे झाली. उन्हे कलायच्या आत जीप गेली. चतुराबाईंनी निघताना बाळाच्या गालाला बोटे लावून ती आपल्या कानशिलावर मोडली आणि त्याला म्हणाल्या, “येते रं पोरा.”

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी पुष्पा परसात बाळाला तेल लावत बसली होती. हिचा डोळा लागला होता. पलीकडे कोणाच्या तरी खळ्यात हरभरा वाळत होता, त्याचा आंबट वास येत होता. मी बाजेवर पुस्तक उघडून बसलो होतो. वाचत नव्हतो.

“बापू,” पुष्पा वर न बघता म्हणाली, “ते पत्र पोचलं होतं ना?”

“पोचलं होतं.”

“मग बरं,” ती म्हणाली. “मला वाटलं, मध्ये कुठे गहाळ झालं असेल.”

ती बाळाचे पाय चोळत राहिली. ती त्याच्याशी खूप काही बोलली, असे हुंकार, तसे हुंकार, पण कुठल्याच नावाने तिने त्याला हाक मारली नाही. संदीपही म्हणाली नाही. मी ऐकत होतो. एक हाक न मारता आई मुलाशी किती वेळ बोलू शकते, हे मला त्या दुपारी कळले. चतुराबाई तर जन्मभर तशा बोलल्या होत्या.

मला चार माणसांत बोलता येत नाही. आता या वयात ते येणारही नाही. पण लिहिता येते, निदान थोडेफार. आणि शहागडच्या त्या अंगणात चार माणसे रोज संध्याकाळी बसतात, आलेले पत्र मोठ्याने वाचले जाते. ज्या रीतीला मी भ्यालो, तिच्याइतकी माझ्या उपयोगाची रीत दुसरी कुठली होती? माझ्या जागी शिवाजीराव बोलणार होते, खणखणीत आवाजात, आणि मला तिथे असायचीही गरज नव्हती.

मी आत गेलो. खोक्यात आंतरदेशीय पत्र होते, कार्डही होते. मी कार्ड घेतले. कार्ड पोस्टमनही वाचतो, वाटेतले सगळेच वाचतात. वाचू देत.

पत्ता लिहिला: सौ. उषा शिवाजी पडूळ, मु. पो. शहागड. ती अजून महिनाभर माझ्याच परसात असणार होती. पण उत्तर तिथेच जायला हवे होते, जिथून प्रश्न आला होता. मग लिहिले:

‘चि. पुष्पास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. मला चालेल. नुसते चालेल असे नाही, मला फार आनंद होईल. सौ. चतुराबाई विहीणबाईंना हे वाचून दाखवावे: नाव आमचे असले तरी नातू तुमचा आहे. त्याला या नावाने हाक मारा, रागवा, पोटभर शिव्या द्या. त्यांतली एकही टेंभुर्णीत पोचणार नाही. पोचली तर आम्ही ती लाडाची धरू. जत्रेत मूल दूर गेले तर हेच नाव घेऊन मोठ्याने ओरडा. शेतीवाडीचा या नावाशी संबंध नाही, हे कचरूला मी स्वतः सांगेन. काल तोंडाने सांगायला हवे होते. जमले नाही. — बद्रीनाथ निर्मळ.’

सहीतले आडनाव लिहिताना ते मला प्रथमच एखाद्या मुलाच्या नावासारखे दिसले. लहान, गोल, नुकतेच उठून बसलेले.

मी चपला घालत असताना पुष्पाने विचारले, “कुठे चाललात उन्हाचे?”

“पेटीपर्यंत. शहागडला एक कार्ड टाकायचं आहे.”

तिचा तेलाचा हात बाळाच्या पोटावर थांबला. मी निघालो.

पोस्टाची पेटी स्टँडच्या अलीकडे लिंबाच्या झाडाला टांगलेली होती. दुपारी तिथे कोणी नसते, म्हणून मी ती वेळ निवडली होती. पेटीपाशी मी थांबलो. कार्ड पुन्हा वाचले. ‘लाडाची धरू’ हे जरा नाटकी वाटले. ‘पोटभर शिव्या’ विहीणबाईंना शोभेल का? घरी जाऊन दुसरे लिहावे, उद्या टाकावे, असेही वाटून गेले. कार्ड पेटीच्या तोंडात अर्धे होते आणि अर्धे माझ्या बोटांत.

“दादा!” रस्त्याच्या पलीकडून कचरूची हाक आली. तो बैल घेऊन येत होता. “ओ दादा! काय टाकून राह्यला? थांब जरा!”

मी आधी कार्ड आत सोडले. मग त्याला ओ दिली.